नाताळच्या सुट्टीत सोनौली ओलांडून: सहकुटुंब स्वयंसेवेचा अनुभव

सुरुवात फार उदात्त नव्हती, हे आधीच सांगते. लेक अकरावीत गेली होती आणि पुढच्या प्रवेशासाठी तिला कुठल्यातरी सामाजिक कामाचं प्रमाणपत्र हवं होतं. धाकट्याला विमान नाहीतर निदान बर्फ हवा होता. सासूबाईंना लुंबिनी बघायची होती. नवऱ्याला आणि मला नाताळच्या सुट्टीत गोव्याच्या गर्दीत जायचं नव्हतं. या सगळ्यांची बेरीज नेपाळ अशी झाली. २०२४च्या जुलैत विषय निघाला, डिसेंबरअखेर आम्ही परत आलो. मधल्या काळात किती कागद लागले, कुठे थांबावं लागलं, किती खर्च आला, ते लिहून ठेवते. असं काही करावंसं वाटणारी बरीच कुटुंबं असतात, पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही.

इंटरनेटवर शोधलं की आधी एजन्सीच भेटतात. आम्हाला पहिला प्रस्ताव आला तो पोखऱ्याच्या एका अनाथाश्रमात मुलांसोबत नाताळ साजरा करण्याचा. पाच जणांचे सव्वादोन लाख, प्रवास वेगळा. सोबत फोटो होते: गोऱ्या पाहुण्यांच्या मांडीवर हसणारी मुलं. लेक हरखली. मला मात्र एकच प्रश्न पडला. आठवडाभर माया लावून निघून जाणारी माणसं दर आठवड्याला नवी येत असतील, तर त्या मुलांचं काय होत असेल? मग वाचत गेले. नेपाळमधली बहुतेक बालगृहं काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन या पाच जिल्ह्यांत एकवटली आहेत. म्हणजे जिथे पर्यटक, तिथे बालगृहं. आणि तिथल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत. शिक्षणाचं आमिष दाखवून दलाल दूरच्या डोंगराळ गावांतून मुलं आणतात, कारण पाहुण्यांना मुलं लागतात. हे कळल्यावर तो विषय आम्ही बंद केला. सगळीच बालगृहं तशी नसतील, पण दोन-चार ईमेलवरून चांगलं-वाईट ओळखण्याची कुवत आमच्यात नाही. तुम्हीही लहान मुलांच्या संस्थेपासून लांबच राहा, असं मी स्पष्ट सांगेन.

मग आमच्याकडे देण्यासारखं काय आहे, याची घरात यादी केली. ती फारच छोटी निघाली. मी बँकेत, नवरा कॉलेजात संगणक शिकवतो. बांधकाम येत नाही, नर्सिंग येत नाही. आमच्या ओळखीच्या एक दंतवैद्य बाई सोबत यायला तयार होत्या, पण परदेशी डॉक्टरला नेपाळमध्ये फुकट शिबिरातही रुग्ण तपासायचा तर नेपाळ मेडिकल काउन्सिलची तात्पुरती परवानगी लागते. तो व्याप त्यांना झेपणारा नव्हता. आमच्याकडे उरलं ते हिंदी. आणि याच हिंदीने पुढे आमचं काम केलं.

ते असं. तराईतल्या, म्हणजे नेपाळच्या भारताला लागून असलेल्या सपाट पट्ट्यातल्या, नेत्र रुग्णालयांत उत्तर प्रदेश आणि बिहारमधून मोठ्या संख्येने रुग्ण येतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन तिथे स्वस्तात आणि चांगलं होतं अशी ख्याती आहे, आणि थंडीत ऑपरेशन केलेलं बरं असा लोकांचा समज असल्यामुळे डिसेंबर-जानेवारीत झुंबड असते. म्हणजे आमची सुट्टी आणि त्यांची गर्दी एकाच वेळी. ऑगस्टमध्ये मी अशा दोन-तीन रुग्णालयांना साधं पत्र लिहिलं: आम्ही पाच जण आहोत, वयं अशी, वैद्यकीय काही येत नाही, हिंदी बोलता-लिहिता येतं, पडेल ते काम करू, आमच्या येण्याने तुमचं काम वाढणार असेल तर मोकळेपणाने नाही म्हणा. सीमेपलीकडच्या भैरहवा या गावाजवळच्या एका रुग्णालयाचं उत्तर आलं. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण जाताना त्यांनीच सांगितलं होतं की पाहुण्यांचे लोंढे नकोत.

उत्तर यायला मात्र सव्वा महिना लागला आणि त्यातही मध्येच सगळं ठप्प झालं. नेपाळमध्ये दसैं आणि तिहार हे दोन मोठे सण ऑक्टोबर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालतात, त्या दिवसांत ईमेलला उत्तर येत नाही. त्याआधी सप्टेंबरअखेरच्या अतिवृष्टीने काठमांडूच्या आसपास हाहाकार उडवला होता, रस्ते वाहून गेले होते. आम्ही तराईत जाणार होतो म्हणून बेत टिकला. ज्यांना डिसेंबरमध्ये जायचं असेल त्यांनी सगळा पत्रव्यवहार दसैंच्या आधी उरकावा.

होकारासोबत फॉर्म आला. प्रत्येकाचं वय, रक्तगट, आजार, विमा. प्रौढांसाठी पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र. अठरा वर्षांखालच्यांसाठी आईवडिलांचं संमतीपत्र. आणि रुग्णांचे फोटो काढणार नाही, समाजमाध्यमांवर टाकणार नाही, अशी सही. सोळा वर्षांखालच्या मुलाला ओपीडीत किंवा वॉर्डात प्रवेश नाही, हेही स्वच्छ लिहिलं होतं. एवढे प्रश्न विचारतायत म्हणून नवरा वैतागला. मला उलट हायसं वाटलं. पैसे भरा आणि या, म्हणणाऱ्या एजन्सीने आमच्या नावापलीकडे काहीच विचारलं नव्हतं. चारित्र्य प्रमाणपत्राचा अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येतो. ठाण्यात एकदा मूळ कागद घेऊन जावं लागलं, तीनेक आठवड्यांत प्रमाणपत्र हातात आलं. सासूबाईंना हवालदाराने विचारलं, “आजी, तुमच्यावर काही गुन्हा?” त्या म्हणाल्या, “सुनेला विचारा.”

आता ओळखपत्रांचं प्रकरण. नेपाळला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण ‘काहीच लागत नाही’ हे खरं नाही. मोठ्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार चालत नाही. १५ वर्षांखालच्यांना आणि ६५च्या वरच्यांना आधार चालतं. १५ ते १८ या वयोगटाला पासपोर्ट नसेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांचं ठरावीक नमुन्यातलं ओळख प्रमाणपत्र लागतं. आमच्या घरात तिन्ही प्रकार होते: आम्ही दोघे पासपोर्टवाले, सासूबाई आणि धाकटा आधारवाले, आणि लेक बरोबर मधल्या फटीत. एकत्र प्रवास करणाऱ्या कुटुंबात एका प्रौढाकडे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र असेल, तर बाकीच्यांना फोटो असलेला आणि नातं दाखवणारा पुरावा पुरतो, अशी सवलतही नियमात आहे. पण नियम समोरच्या माणसाला माहीत असेलच असं नाही, म्हणून प्रमाणपत्र घ्यायचं ठरवलं. कॉलेजच्या कार्यालयात असा कागद कोणी पाहिलेला नव्हता. “बोनाफाईड देतो, चालेल का?” नाही चालणार. इमिग्रेशन ब्युरोच्या संकेतस्थळावरचा नमुना छापून नेला, प्राचार्य दौऱ्यावर, मग दिवाळीची सुट्टी, मग सही, मग शिक्का विसरला. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो कागद मिळाला. वेळ असेल तर सरळ पासपोर्ट काढा.

माझी परवानगी हा आणखी एक अध्याय. राष्ट्रीयीकृत बँकेत असल्यामुळे खाजगी परदेश दौऱ्यासाठीही आधी परवानगी घ्यावी लागते. नेपाळ हा परदेश आहे की नाही, यावर आमच्या शाखेत दोन मतप्रवाह होते. अखेर फॉर्म भरला. दौऱ्याचं कारण, खर्चाचा स्रोत, परदेशात कोणाकडून पाहुणचार घेणार काय, वगैरे. ‘स्वयंसेवा’ हे कारण वाचून वरिष्ठांनी फोन केला आणि “मॅडम, पर्यटन लिहा ना, सोपं जाईल” असं सुचवलं. मी रुग्णालयाचं पत्र जोडलं आणि खरं तेच लिहिलं. परवानगी यायला महिना लागला. एक गोष्ट इथे नोंदवते. इतर देशांच्या लोकांना नेपाळमध्ये पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामही करता येत नाही. भारतीयांना १९५०च्या मैत्री करारामुळे तिथे राहण्या-वावरण्याची मोकळीक आहे, म्हणून आमचं सोपं झालं. तुमचे परदेशी पासपोर्टवाले नातेवाईक सोबत येणार असतील तर त्यांचा नियम वेगळा, हे लक्षात ठेवा.

गाडीचं आरक्षण ऑगस्टमध्येच केलं होतं. तेव्हा १२० दिवस आधी तिकिटं खुली होत, १ नोव्हेंबर २०२४पासून ही मुदत ६० दिवसांवर आली. कुशीनगर एक्स्प्रेस नाशिकरोडला मध्यरात्र उलटल्यावर येते, त्यामुळे तिकिटावरची तारीख दोनदा बघा. आम्हाला एकोणीस डिसेंबरच्या रात्री जागून वीसची गाडी पकडायची होती. एसी थ्री टियरचे माणशी दोनेक हजार. ज्येष्ठांची सवलत २०२०च्या मार्चपासून बंद आहे, ती सासूबाईंनी भुसावळपर्यंत ऐकवली.

धुक्यामुळे गाडी लखनौच्या पुढे रखडली आणि २१ तारखेला सकाळऐवजी दुपार टळल्यावर गोरखपूर आलं. स्टेशनबाहेरून सीमेवरच्या सोनौलीला बस आणि जीप दोन्ही मिळतात. फरेंदा, नौतनवा करत तीनेक तास लागतात. सामान आणि सासूबाई यांचा विचार करून आम्ही अठ्ठावीसशे रुपयांत आख्खी गाडी केली. सीमेच्या अलीकडे मालट्रकांची न संपणारी रांग, त्यांच्या कडेने चालत आम्ही कमानीखालून नेपाळात शिरलो. पलीकडच्या गावाचं नाव बेलहिया. त्याआधी अलीकडच्या बाजूला भारताच्या सशस्त्र सीमा बलाच्या जवानाने पासपोर्ट चाळले, लेकीकडे बघून “ये भी आपकी?” विचारलं. तिने ऐटीत प्राचार्यांचं प्रमाणपत्र पुढे केलं. त्याने ते हातातही घेतलं नाही. घड्याळं पंधरा मिनिटं पुढे केली. धाकट्याच्या मते परदेश आल्याचा तेवढा एकच पुरावा होता.

पैशांचं सांगते. १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी होतात, हा दर १९९३पासून बांधलेला आहे. दुकानदार ‘आईसी की एनसी?’ विचारतात, म्हणजे भारतीय चलन की नेपाळी. आम्ही गेलो तेव्हा नियमाप्रमाणे १००पेक्षा मोठी भारतीय नोट नेपाळमध्ये चालत नव्हती, म्हणून मी बँकेतून शंभराची बंडलं नेली होती. हा नियम बदलत असतो, निघण्याआधी ताजा नियम बघा. काही दुकानांत क्यूआरवर भारतीय यूपीआय चाललं, काही ठिकाणी नाही.

रुग्णालयाच्या अतिथिगृहात दोन खोल्या मिळाल्या, दर खोलीला रात्रीचे १२०० एनसी. थंडीबद्दल कोणीच सांगितलं नव्हतं. तराई म्हणजे सपाट प्रदेश, समुद्रसपाटीपासून फार उंच नाही, तेव्हा नाशिकसारखीच थंडी असेल असा आमचा अंदाज. पण तिथे धुकं बसलं की दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. तिथले लोक त्याला शीतलहर म्हणतात. ओलसर गारठा हाडांत शिरतो. सिरक, म्हणजे तिथली जाडजूड रजई, अंगावर घेतली की धाकटा त्याखालून जेवायलाच बाहेर यायचा. थर्मल, लोकरीचे मोजे आणि कानटोपी इथूनच न्या.

आम्ही गेलो तेव्हा नेपाळमध्ये सुट्टी शनिवारी असायची आणि रविवारी काम सुरू. २२ तारखेला सकाळी सातला आम्ही हजर झालो. स्वयंसेवकांचं बघणाऱ्या दीदींनी पंधरा मिनिटांत कामं वाटली. नवरा नोंदणीच्या रांगेत, मी ऑपरेशननंतरच्या सूचना सांगायला, लेक रुग्णांना एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत न्यायला. धाकटा आणि सासूबाई भांडारात: रजयांच्या घड्या, काळ्या चष्म्यांची मोजदाद, औषधांच्या पिशव्या भरणं.

नोंदणीची रांग म्हणजे पंढरीची दर्शनबारीच. पहाटे चारपासून लोक उभे. महाराजगंज, बस्ती, गोंडा, कुठून कुठून बसने आलेले. वय विचारलं की “यही कोई साठ-पैंसठ”, मुलगा सोबत असेल तर तो दुरुस्त करणार, “अरे अस्सी के हैं.” पत्ता लिहिताना वेगळीच गंमत. भैरहवाचं अधिकृत नाव सिद्धार्थनगर आणि सीमेपलीकडे उत्तर प्रदेशात एक आख्खा जिल्हाही सिद्धार्थनगर. रुग्ण ‘सिद्धार्थनगर’ म्हणाला की ‘इधर का या उधर का?’ हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे नवऱ्याला पहिल्या तासातच शिकवलं गेलं.

माझं काम वरवर सोपं. ऑपरेशन झालेल्यांना गटाने बसवून हिंदीत सांगायचं: डोळा चोळायचा नाही, त्यावर पाणी जाऊ द्यायचं नाही, वाकून वजन उचलायचं नाही, थेंब असे आणि इतक्या वेळा. पण घड्याळ नसलेल्या माणसाला ‘दर चार तासांनी’ म्हणजे काय? तिथल्या परिचारिकेने मला शिकवलं: उठल्यावर, जेवणाआधी, दिवेलागणीला, निजताना. आणि प्रत्येकाकडून परत म्हणवून घ्यायचं. अवधी-भोजपुरीतलं त्यांचं बोलणं मला अर्धंच कळायचं, माझं हिंदीही त्यांना अर्धंच कळत असावं, पण दोनदा-तीनदा बोलून जमायचं. खरी परीक्षा होती ती परत पाठवल्या जाणाऱ्यांची. रक्तातली साखर किंवा रक्तदाब जास्त असेल तर ऑपरेशन होत नाही. रात्रभर प्रवास करून, कोणाकडून तरी उसने पैसे घेऊन आलेल्या माणसाला हे सांगायचं. एक आजोबा ऐकून घेत, मान डोलावत आणि पुन्हा रांगेत जाऊन उभे राहत. त्यांना वाटत होतं, खिडकी बदलली की साखर बदलेल. शेवटी त्यांना घेऊन बाहेर चहा प्यायला बसले, गोळ्या कधी घ्यायच्या ते कागदावर चित्रं काढून दिलं. ते पुन्हा आले असतील का, माहीत नाही. अशा वेळी रुग्णाला समजावण्याइतका वेळ तिथल्या कर्मचाऱ्यांकडे नसतो, आमच्याकडे तो होता. आमचा उपयोग झाला तो एवढाच, आणि तो पुरेसा होता असं माझं मत आहे.

सासूबाईंचं भांडारातलं काम दोन दिवसांत संपलं. त्यांच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, हे दीदींना कळलं आणि त्यांची बढती होऊन त्या थेट ऑपरेशनआधीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसल्या. घाबरलेल्या बायकांचा हात धरून “मेरा भी हुआ है, दोनो का, कुछ दुखता नही, बस थोडा उजेड दिसता है” असं त्यांचं मराठी-हिंदी चालायचं. सगळे त्यांना ‘आमा’, म्हणजे नेपाळीत आई, म्हणायला लागले.

पट्टी काढण्याचा क्षण कसा असतो, हे सगळे विचारतात. काही जण हसतात, काही नुसते बघत बसतात. एका आजींची पट्टी निघाली तेव्हा त्यांनी सर्वांत आधी खाली बघितलं आणि म्हणाल्या, “ये चप्पल मेरी नहीं है.” शोधाशोध झाली. खरंच अदलाबदल झाली होती.

नाताळ बुधवारी आला आणि गेला. त्या दिवशी एवढी गर्दी होती की रात्री डाळ-भात समोर आल्यावर लेकीला तारीख आठवली. मुलं रोज आनंदात होती असं अजिबात नाही. धाकट्याला तिसऱ्या दिवशी भयंकर कंटाळा आला, लेकीला एका रुग्णाच्या नातेवाइकाने ओरडून बोलल्यावर रडू आलं. दीदींनी दोघांना अर्धा दिवस सुट्टी दिली. मुलांना नेणार असाल तर असा अर्धा दिवस आधीच मोकळा ठेवा, आणि खेळायचे पत्ते न्या.

शुक्रवारी दीदींनी काम केल्याची पत्रं दिली आणि शनिवारी आम्ही लुंबिनीला गेलो. मायादेवी मंदिराजवळ अशोकाचा स्तंभ आहे, बुद्ध इथे जन्मले असं त्यावर ब्राह्मीत कोरलंय. त्याच लेखात पुढे म्हटलंय की म्हणून या गावाचा कर माफ केला आणि उत्पन्नातला फक्त आठवा भाग घ्यायचा ठरवलं. बँकवालीला दुसरं काय भावणार! आवारात नागपूरकडच्या यात्रेकरूंची बस आली होती, सासूबाईंनी आठवडाभराचं साठलेलं मराठी तिथे बोलून घेतलं.

खर्च एकूण साठ-बासष्ट हजारांच्या घरात गेला. त्यात दोन्ही वेळचं रेल्वेभाडं वीस हजार, अतिथिगृहाचे बारा हजार, जेवणखाण तेरा हजार, गोरखपूर-सोनौली गाडीचे जाऊन-येऊन साडेपाच हजार, लोकरीचे कपडे सहा हजार. बाकी विमा, कागदपत्रं, लुंबिनीची टॅक्सी आणि वाटेतला चहा. रुग्णालयाने देणगी मागितली नाही. एका ऑपरेशनचा खर्च होईल एवढी रक्कम आम्ही निघताना पेटीत टाकली, पावती घेतली.

रविवारी सोनौली ओलांडून ३१ तारखेला घरी आलो. मला वाटलं, संपलं. बँकेत परत रुजू झाले तर ‘परदेशातून परतल्याचा पुरावा’ हवा होता, पासपोर्टवरच्या शिक्क्याची प्रत. नेपाळच्या सीमेवर भारतीयांच्या पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, हे सांगून पटेना. मग रुग्णालयाचं पत्र दिलं. साहेबांनी ते चष्मा वर-खाली करून वाचलं आणि म्हणाले, “मॅडम, यावर तारीख २०८१-०९-१२ आहे.” विक्रम संवत, नववा महिना पुस, हे समजावून सांगितलं. “ते ठीक आहे,” ते म्हणाले, “पण सिस्टीम २०८१ साल घेत नाहीये.” शेवटी परतीच्या रेल्वे तिकिटाची प्रत जोडली. तुम्ही सरकारी किंवा बँकेच्या नोकरीत असाल तर ते तिकीट फेकू नका, आणि रुग्णालयाकडून पत्र घेताना इंग्रजी तारीखही घालायला सांगा.